पांढरी टाचणी

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, एक अख्खी भिंत शहराच्या नकाशाने व्यापलेली होती, आणि त्या नकाशाशी नियोजनबाई बोलायच्या. मोठ्याने नाही हो, वेड नव्हतं लागलं त्यांना. ओठातल्या ओठात. "तुझं काय करायचं गं आता?" असं एखाद्या गल्लीला विचारायच्या. शेजारच्या खोलीतला पाणीपट्टीचा कारकून कधी डोकवायचा आणि म्हणायचा, "बाई, कोण आलंय?" त्यावर बाई म्हणायच्या, "इथे कोण येतंय!" आणि टाचण्यांची डबी पुढे ओढायच्या.

नाव त्यांनाही होतं, सगळ्यांनाच असतं. पण इतकी वर्षं एकाच खुर्चीत गेल्यावर ते सहीपुरतं उरलं होतं. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे नियोजनबाई म्हणायचे. घरी तर नावाने हाक मारणारं कोणीच नव्हतं. आई होती तोवर ती मारायची, भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जाईल अशी. आई गेली. भाऊ परदेशी, तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र, त्यामुळे फोनवर दोघांपैकी एक जण कायम जांभया देत असायचा. घराच्या दाराला घंटा होती, पण ती बिघडून किती काळ झाला हे बाईंना सांगता आलं नसतं. घंटा बिघडली हे कळायला आधी ती कोणीतरी दाबावी लागते ना!

नकाशाचं खूळ सुरू झालं ते आदल्या उन्हाळ्यापासून. असा उन्हाळा कोणी पाहिला नव्हता. बाजारातला ट्रान्सफॉर्मर जळाला, लाइट गेली ती गेलीच, आणि लोक ओली फडकी डोक्यावर टाकून घराघरांत पडून राहिले. बाजाराच्या मागच्या बोळात एक घड्याळजी राहायचे. एकटेच, दुकानामागच्या खोलीत. चौथ्या दिवशी लाइट आली. त्यांच्या पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं, तेव्हा पंखा आपोआप फिरायला लागला. त्या पंख्याला कुरकुरायची सवय होती. तो आवाज ऐकून शेजारची बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "चला, आजोबा उठले वाटतं."

आजोबा दोन दिवसांपूर्वीच गेले होते.

पंचनाम्याला नगरपालिकेतून कोणीतरी जायचं होतं, आणि बाई गेल्या. त्या खोलीत त्यांनी काय पाहिलं ते कोणाला सांगितलं नाही. पण शेजारणीचं ते वाक्य मात्र त्यांच्या कानात जे जाऊन बसलं, ते काही केल्या निघेना. भाजी निवडताना आठवे, कुलूप लावताना आठवे. घरचा पंखा लावला की हटकून आठवे.

त्याच सुमारास वरून हुकूम आला, की प्रत्येक शहराने हवामानाचा आणि विजेचा आपापला आराखडा करावा. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, पण निदान केला तरी! बाकीच्या शहरांनी काय केलं माहितीय? एकमेकांचे आराखडे उतरवून काढले. एका शहराने तर इतक्या इमानाने उतरवला, की त्यात खारफुटी लावण्याचा कार्यक्रम आला. त्या शहराला समुद्र सोडा, धड तळंही नाही. पण आमच्या नियोजनबाई या असल्या कामातल्या नव्हत्या. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला, डबीभर रंगीत टाचण्या आणल्या आणि घराघराची माहिती घ्यायला माणसं पाठवली. जमेल तेव्हा स्वतःही गेल्या.

लाल टाचणी म्हणजे म्हातारं किंवा आजारी माणूस, घरात एकटं. हिरवी म्हणजे दार वाजवणारा. उन्हाचा इशारा लागला की हिरवीने रोज आपापल्या लाल टाचणीच्या घरी जायचं आणि दार वाजवायचं. घंटा दाबायची नाही, कारण लाइट गेलेली असणार, हातानेच वाजवायचं. आणि पांढरी टाचणी म्हणजे काळजी नको. भरलं घर, किंवा दिवसा कुलूप. दिवसा कुलूप म्हणजे माणूस कामाला जाणारा, धडधाकट. हा नियमही बाईंचाच.

मग बैठक झाली. लांब टेबल, चहाचे कप, आणि वर घरघरणारा एसी.

"सोलर पॅनेल इथेच आपल्या छतावर लावू," अध्यक्ष म्हणाले. "रस्त्यावरून दिसतात."

"दिसतील छानच," बाई म्हणाल्या. "पण उन्हाने घेरी आलेला माणूस इथे दोन जिने चढून कशाला येईल? जन्माचा दाखला घ्यायला?"

हशा झाला आणि पॅनेल वाचनालयाच्या हॉलवर गेली. हॉल तळमजल्यावर होता, चारी बाजूंनी चालत येण्यासारखा. बॅटरी, पंखे, थंड पाणी, औषधं ठेवायला फ्रिज, फोन चार्ज करायला प्लगची पट्टी. लाइट असो नसो, हॉल चालू राहणार. मग वीटभट्टीच्या वस्तीचा विषय निघाला. मुख्याधिकारी, म्हणजे साहेब, कागद बघून म्हणाले, "तिथे सोलरची काय गरज? तिथून लाइट गेल्याची एकही तक्रार नाही."

"साहेब, ज्याच्या घरात दिवाच नाही त्याचा दिवा जाईल कसा? वस्तीत एकही मीटर नाही."

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मीटर मागच्या बाजूला असतील. वस्तीलाही एक खोली आणि तिच्या छतावर पॅनेल मंजूर झालं. बाई त्या दिवशी जेवायचं विसरल्या.

घोडं अडलं ते तीन प्रश्नांवर. दार उघडल्यावर हिरव्या टाचणीने विचारायचे ते प्रश्न. पाणी प्यायलात का? चक्कर येतेय का? आणि तिसरा, आज कोणाशी बोललात का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर वाजवणाऱ्याने थोडा वेळ बसायचं.

"हे तिसरं कशाला, बाई?" साहेब म्हणाले. "हा उन्हाचा आराखडा आहे. वधूवर सूचक मंडळ नाही. आणि बसायचं काय बसायचं? पाहुणे आहेत का ते?"

"घड्याळजींच्या घरी कोणी बसलं असतं तर," बाई म्हणाल्या. त्यांनी कपातल्या गार चहाचा घोट घेतला.

साहेब तसे वाईट नव्हते. तिसऱ्या प्रश्नावर पेन्सिलने मारलेली रेघ त्यांनी रबराने पुसून टाकली. "राहू दे," म्हणाले.

पुढचं काम म्हणजे लाल टाचण्यांना हिरव्या जुळवून देणं. सगळ्या जुळल्या, एक जुळेना. शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले एक ढोलवाले मास्तर होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं. हातात ढोलाच्या दोन काड्या.

"मास्तर, उन्हाळ्यात रोज तुमचं दार वाजवायला आम्ही माणूस नेमून देतोय."

"का? मी मेलोय का ते बघायला?"

"अहो, तसं नाही."

"तसंच आहे. गोड बोलून सांगितलं म्हणून काही बदलत नाही. हे बघा बाई, जन्मभर मी गावाला ठेका दिला. आता माझ्या दारावर कोणीही ऐरागैरा येऊन बेताल ठोकणार? जमायचं नाही." आणि दार बंद.

ऑफिसात सगळे म्हणाले, नको म्हणतोय ना म्हातारा, मग सोडा की. बाईंना सोडवेना. त्या परत गेल्या. मास्तरांनी यावेळी दार बरंच उघडलं, पण उत्तर तेच. पालथ्या घड्यावर पाणी! तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा बाई दमल्या होत्या, पायरीवरच बसल्या. आतून काड्यांचा आवाज येत होता, लाकडी खुर्चीवर एकसारखा, सुरेख. ऐकायला कोणी नसताना माणूस इतकं नीट वाजवतोय, हे बाईंना कुठेतरी आत लागलं. त्या उठून दारातूनच म्हणाल्या, "बरं, तुमचं नको. पण तुम्ही दुसऱ्या कोणाचं दार वाजवाल का?"

काड्या थांबल्या.

"कोणाचं?"

"पलीकडच्या गल्लीत त्या शिवणाऱ्या आजी आहेत ना, त्यांचं. पण त्यांना ऐकू कमी येतं."

"मग तिथे मीच पाहिजे," मास्तर म्हणाले. "येरागबाळ्याचं काम नाही ते." आणि मग घसा खाकरून, "पाणी घेणार का बाई? उन्हातून आलाय."

सगळ्या हिरव्या टाचण्यांची शिकवणी वाचनालयाच्या हॉलमध्ये झाली. बाई समोर उभ्या राहून सांगत होत्या. "पहिल्यांदा उत्तर आलं नाही तर पुन्हा वाजवा. तिसऱ्यांदाही नाही आलं तर शेजाऱ्यांना बोलवा, आम्हाला कळवा. आणि एक ध्यानात ठेवा. लोक खोटं बोलतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपली जातच आहे. पाणी प्यायलो म्हणतील, तांब्या कोरडा असेल. तिसऱ्या प्रश्नाला तर हमखास खोटं बोलतील. 'हो हो, बोललो की' म्हणतील. तेव्हा शांतपणे विचारायचं, कोणाशी? नाव सांगता आलं नाही की समजून जायचं. मग काही बोलायचं नाही. बसायचं."

"किती वेळ?" मागून मास्तरांनी विचारलं.

"ते 'उठा आता' म्हणेपर्यंत," बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

त्याच आठवड्यात नकाशात एकच गल्ली उरली, बाईंची स्वतःची. माहिती घ्यायला गेलेल्या मुलींनी त्यांच्या घरापुढे लिहिलं होतं, दार बंद, दिवसा घरी कोणी नाही. असणार कसं? बाई त्या वेळी दुसऱ्यांची दारं ठोठावत फिरत होत्या ना! ऑफिस रिकामं झालं होतं. बाईंनी लाल टाचणी उचलली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. एकटं माणूस, हे खरं. पण म्हातारं नाही अजून, आजारी नाही. नियम काय सांगतो? दिवसा कुलूप, म्हणजे पांढरी. नियम करणाऱ्यानेच आपल्यापुरता तो वाकवला तर लोक काय म्हणतील? बघा, बाईंनी आपल्या दाराला माणूस लावून घेतला. छे छे! त्यांनी लाल टाचणी डबीत टाकली आणि पांढरी टोचली, इतकी जोरात की अंगठ्याला वळ उठला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फक्त इथे दिव्याला तो ठाऊक होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाई निवृत्त झाल्या. हार, भाषणं, आणि भिंतीवरचं एक घड्याळ भेट. आता ज्या बाईला घड्याळजींवरून झोप लागत नाही तिला नेमकं घड्याळ द्यायचं! पण कोणाच्या ते ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्या जागेवर एक चुणचुणीत मुलगी आली. तिने सगळे कागद वाचले, नकाशा पाहिला आणि मनापासून म्हणाली, "बाई, किती स्पष्ट करून ठेवलंय तुम्ही सगळं! मला एक गोष्ट विचारावी लागली नाही."

"अगं, लागेल. अडलं की फोन कर. मी घरीच आहे."

"हो, नक्की," ती म्हणाली.

बाई घरी आल्या आणि फोन पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. मग स्टूल खिडकीजवळ नेलं, तिथे रेंज चांगली यायची.

ऊन आलं तेव्हा आदल्या वर्षीचं ऊन बरं म्हणायची वेळ आली. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. नळाचं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं यायचं. पहिल्या दिवशी गाडी भोंगा वाजवत इशारा देऊन गेली, आणि बाई खिडकीत उभ्या राहून ऐकत राहिल्या. शब्द त्यांचेच होते. 'आपल्या शेजाऱ्याचं दार वाजवा,' भोंगा म्हणाला. संध्याकाळी लाइट गेली. बाईंनी मनातल्या मनात आराखड्याचं पान उलटलं: लाइट गेली की हॉलची बॅटरी चालू, वस्तीतली खोली उघडायची, औषधं फ्रिजमध्ये हलवायची. काहीतरी अडेलच. बॅटरीची किल्ली कुठल्या खणात आहे, एवढं तरी त्या पोरीला विचारावं लागेलच.

फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी साडी बदलली, केस विंचरले, छत्री घेतली आणि हॉलपर्यंत गेल्या. सहज म्हणून. खिडकीतून पाहिलं. पंखे फिरत होते. वीटभट्टीवरची एक आई बाळाला मांडीवर घेऊन डुलक्या काढत होती. म्हातारे पत्ते कुटत होते, आणि कोण ढापतोय यावरून त्यांची जुंपली होती. दाराजवळ फोन ओळीने चार्ज होत होते. त्यांचा नकाशा आता हॉलमध्ये आणून लावला होता. सगळं असं चालू होतं जसं कागदावर होतं. नाही, कागदापेक्षा बरं! कोणीतरी कोपऱ्यात लिंबू-पाण्याची घागर ठेवली होती, ते बाईंनाही सुचलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, खरंच झाला. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगा बाहेर आला. "काकू, या ना आत. उन्हात का उभ्या? नाव लिहून घेतो तुमचं."

"नको, नको," बाई म्हणाल्या. "मी सहज आले होते."

आत जायला काय झालं होतं? मी विचारते, काय झालं होतं? पण माणसाचं असंच असतं. जिने पंगतीत सगळ्यांना वाढलं तिला स्वतःचं पान मांडून घ्यायला लाज वाटते. बाई छत्री उघडून परत फिरल्या. कुलूप काढताना घड्याळजींच्या शेजारणीचं ते वाक्य पुन्हा आठवलं.

त्या रात्री फोनची बॅटरी संपली. खरं सांगायचं तर बाईंना थोडं हलकंच वाटलं. आता कोणी फोन केला नाही असं म्हणायला जागा राहिली नाही. करतही असतील. लागत नसेल.

तिसऱ्या दिवशी त्या उठल्याच उशिरा. डोकं जड. स्वयंपाक करावासा वाटेना, एकटीसाठी कशाला आणि? भांडं भरून पाणी पलंगाशी आणून ठेवायचं त्यांनी ठरवलं आणि पडून राहिल्या. थोड्या वेळाने पुन्हा ठरवलं. खिडकीचा पडदा हलत नव्हता. वर पंखा स्तब्ध होता. बाईंची नजर बटणाकडे गेली. चालूच होतं. लाइट आली की हा आपोआप फिरायला लागेल, त्यांच्या मनात आलं, आणि भिंतीपलीकडचे म्हणतील, चला, बाई उठल्या. उठून बटण बंद करावं असं त्यांना फार वाटलं. पाय उचलेनात. मग रडू आलं, पण तेही कोरडंच.

अशा वेळी दार वाजलं.

बाहेरचं जाळीचं दार लोखंडी होतं, ते हाताने वाजण्यातलं नव्हतं. हे कशाने तरी वाजत होतं. टण्, टण्, टणाटण् टण्. एकसारखं, सुरेख, तालात.

बाईंनी डोळे उघडले. ओ द्यायला तोंड उघडलं आणि दिली नाही. तुम्ही म्हणाल, का? अहो, पहिल्यांदा उत्तर आलं नाही तर पुन्हा वाजवायचं, हा नियम होता. त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं. इतक्या वर्षांनी त्या दारावर कोणीतरी आलं होतं, एकदाच वाजवून कसं संपवायचं?

टण्, टण्, टणाटण् टण्.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की वाजवणारा म्हातारा आहे आणि बाहेर ऊन रखरखतंय. "आले, आले!" असं म्हणत, भिंतीला धरत, पडत-झडत त्या दारापर्यंत पोचल्या.

ढोलवाले मास्तर उभे होते. डोक्यावर ओला टॉवेल, त्यावर टोपी, हातात काड्या.

"मास्तर? तुम्ही इकडे कसे? त्या आजी..."

"त्यांना पुतणीने नेलं, आपल्या घरी. काल. चांगलं झालं त्यांचं," मास्तर म्हणाले. "पण माझं दार गेलं ना बाई! हॉलमध्ये त्या पोरीला म्हटलं, मला दुसरं दार दे. ती म्हणते, सगळी दारं वाटून झालीत. मग मी नकाशासमोर उभा राहिलो. म्हटलं, बघू तरी. तर तुमच्या घरावर पांढरी टाचणी. पाणीपट्टीवाल्याला विचारलं, बाई कोणाबरोबर राहतात? तो म्हणाला, नकाशाबरोबर." मास्तरांनी टॉवेलने तोंड पुसलं. "रंग चुकलाय तुमचा, बाई."

"चुकला नाही. नियमाने..."

"ते राहू द्या. पाणी प्यायलात का?"

बाई हसल्या. ओठ फुटले होते, हसताना दुखलं. "मास्तर, ते प्रश्न मीच..."

"पाणी प्यायलात का?"

"हो."

मास्तर त्यांना ओलांडून आत गेले, चपला दारातच काढून. माठाजवळचा पेला त्यांनी उचलून पाहिला. कोरडा ठणठणीत. माठातून भरला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उभ्यानेच संपवला. त्यांनी परत भरला. तोही संपला.

"चक्कर येतेय?"

"थोडी. बसते मी." त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"आज कोणाशी बोललात का?"

"हो हो," बाई पटकन म्हणाल्या. "बोलले की."

मास्तरांनी टोपी काढली. त्यांचे केस घामाने चप्प बसले होते. त्यांना कसलीच घाई दिसत नव्हती.

"कोणाशी?" त्यांनी शांतपणे विचारलं.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग स्टुलावरच्या बंद फोनकडे. एक नाव, कुठलंही एक नाव घ्यायचं होतं. दूधवाल्याचं घेतलं असतं तरी चाललं असतं, पण दूधवाला पिशवी दारावर अडकवून जायचा. काल? काल त्या पोराशी बोलल्या होत्या, पण त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही त्यांचं ठाऊक नव्हतं. परवा? त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

मास्तरांनी मान डोलावली. भिंतीजवळची खुर्ची पुढे ओढली, काड्या मांडीवर ठेवल्या आणि बसले.

बराच वेळ गेला. उन्हाची तिरीप खुर्चीच्या पायापर्यंत आली. बाई उठा म्हणाल्या नाहीत.